बॅटीचे मोल : लाकडाचे की साक्षीचे?

जोंधळा, हरभरा आणि तूर यांच्या भावांत ज्यांचे आयुष्य गेले, अशा घाऊक व्यापाऱ्याने क्रिकेटच्या बॅटींवर लेख लिहावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु आपल्या सभासदांच्या घरांत अलीकडे दोन गोष्टी आमच्या वारंवार दृष्टीस पडू लागल्या आहेत. एकीकडे घरातील तरुण मंडळी नामांकित खेळाडूची स्वाक्षरी असलेली बॅट काचेच्या पेटीत आणून ठेवतात व 'ही गुंतवणूक आहे' असे सांगतात. दुसरीकडे त्याच घरातील आजोबांनी कॉलेजात मिळवलेले चषक आणि पदके दिवाळीच्या झाडलोटीत भंगारवाल्याच्या गाडीवर जातात. पहिल्या वस्तूस किती मोल द्यावे याचा विचार नाही, आणि दुसरीस काही मोल आहे याची जाणीव नाही. धारवाडच्या सुभाष रोडवर काय किंवा हुबळीच्या अमरगोळ बाजार आवारात काय, माल न पारखता घेऊ नये आणि न पारखता टाकूही नये, हाच आपला वडिलोपार्जित धडा आहे. तोच धडा या नव्या मालास लावून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

लाकडाचा भाव आणि बॅटीचा भाव

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. क्रिकेटची चांगली बॅट विलो नावाच्या झाडाच्या लाकडाची असते. आपल्याकडील वाळुंज हा त्या झाडाचाच भाऊबंद. इंग्लंडमधील विलो उत्तम मानतात, काश्मीरमधील त्याखालोखाल. आणि मेरठ व जालंधर येथील कारागीर त्यांच्या बॅटी घडवितात. नियमाप्रमाणे बॅटीची लांबी ३८ इंचांहून आणि रुंदी सव्वाचार इंचांहून अधिक असता कामा नये. वजन साधारणपणे सव्वा किलोच्या आसपास. एवढ्या लाकडास कारागिरी धरूनही किंमत हजारांत मोजता येते.

आता दुसरा आकडा पाहा. २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर महेंद्रसिंह धोनी यांनी षटकार मारून भारतास विश्वचषक जिंकून दिला. ज्या बॅटीने तो षटकार बसला ती त्याच वर्षी जुलै महिन्यात लंडनमध्ये धर्मादाय कार्यासाठी भरविलेल्या भोजनसमारंभात लिलावास निघाली आणि एका भारतीय दलाली पेढीने ती १ लाख पौंडांस घेतली. गिनेसच्या विक्रमग्रंथाने सर्वांत महाग विकली गेलेली बॅट म्हणून तिची नोंद केली. षटकाराच्या आदल्या दिवशी त्याच बॅटीस असा भाव कोणी दिला असता काय? लाकूड तेच, वजन तेच, मूठ तीच. वाढली ती तिच्यामागची हकीकत, आणि ती हकीकत लाखो लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली होती.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे, पुण्याचे आहे. तेथील सहकारनगरात श्री. रोहन पाटे यांनी 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' नावाचे क्रिकेटचे संग्रहालय उभारले असून त्याचे उद्घाटन २०१२ साली सचिन तेंडुलकर यांच्या हस्ते झाले. देशोदेशींच्या खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या केलेल्या बॅटी तेथे पाहावयास मिळतात. २०२० साली करोनाच्या साथीत पाकिस्तानचे फलंदाज अझर अली यांनी पीडितांच्या साहाय्यार्थ आपली एक बॅट लिलावास काढली. २०१६ साली दुबईत वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी नाबाद ३०२ धावा काढल्या, ती ही बॅट. पुण्याच्या या संग्रहालयाने ती पाकिस्तानी चलनातील १० लाख रुपयांस घेतली. दोन्ही देशांचे संघ आपसांत मालिका खेळत नसतानाही बॅट मात्र सरहद्द ओलांडून पुण्यास आली आणि तिचा पैसा आजाऱ्यांच्या कामी लागला. व्यापार सचोटीचा असला म्हणजे कोठवर पोहोचतो, हे यावरून दिसते.

एका टोपीची हकीकत

बॅटीहून अधिक भाव ऑस्ट्रेलियाच्या हिरव्या टोपीस येतो. शेन वॉर्न यांनी जानेवारी २०२० मध्ये वणव्यातील पीडितांसाठी आपली कसोटीची टोपी विकावयास काढली, तेव्हा तिला १० लाख ७ हजार ५०० ऑस्ट्रेलियन डॉलर आले. परंतु आम्हांस अधिक मोलाची वाटते ती डॉन ब्रॅडमन यांच्या १९४७-४८ सालच्या टोपीची कथा, कारण त्या कथेत आपली माणसे आहेत.

देश स्वतंत्र होऊन तीनच महिने झाले होते, आणि लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र भारताचा पहिला संघ ऑस्ट्रेलियात खेळावयास गेला होता. पाच सामन्यांत ब्रॅडमन यांनी ७१५ धावा केल्या. आपला संघ मालिका हरला. परंतु सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी अ‍ॅडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतके ठोकली. या दौऱ्यात ब्रॅडमन यांनी आपली एक टोपी भारतीय संघाचे व्यवस्थापक पंकज गुप्ता यांस भेट दिली. डिसेंबर २०२४ मध्ये सिडनी येथे तीच टोपी लिलावास निघाली. बोली ३ लाख ९० हजार डॉलरवर थांबली आणि लिलावगृहाचे शुल्क धरून घेणाऱ्यास ४ लाख ७९ हजार ७०० डॉलर मोजावे लागले. आपल्या चलनात ही रक्कम अडीच कोटी रुपयांहून अधिक होते.

यातील दोन बारकावे व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटू नयेत. पहिला हा की बोली आणि प्रत्यक्ष देणे यांत ८९ हजार ७०० डॉलरचे अंतर आहे, म्हणजे शेकडा २३. धान्याच्या बाजारात अडत्याने इतकी अडत मागितली तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानासमोर गाडी उभी राहणार नाही. शिवाय माल विकणाऱ्याकडूनही लिलावगृह बहुधा निराळी दलाली घेते. वर्तमानपत्रात छापून येणारा आकडा आणि विकणाऱ्याच्या हाती पडणारा आकडा एक नसतो, हे गुंतवणुकीची भाषा बोलणाऱ्या तरुणांनी ध्यानात ठेवावे.

दुसरा बारकावा दुर्मिळतेचा. ब्रॅडमन यांनी त्या मालिकेत वापरलेली ही एकमेव ज्ञात टोपी, अशी या टोपीची ख्याती लिलावाच्या वेळी सांगितली गेली होती. त्यानंतर फार दिवस लोटले नाहीत तोच त्याच दौऱ्यातील आणखी एक टोपी पुढे आली. ती ब्रॅडमन यांनी महाराष्ट्राकडून खेळणारे रंगा सोहोनी यांस दिली होती, आणि सोहोनी कुटुंबाने ती पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ जतन केली होती. जानेवारी २०२६ मध्ये तीही लिलावास निघाली. तेव्हा 'एकमेव' हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडचा आहे, बाजाराचा नव्हे. 'सबंध पेठेत एवढाच माल शिल्लक आहे' असे सांगणारा दलाल आपण सर्वांनी पाहिलेला आहे. चार दिवसांनी कोठल्या तरी वखारीतून नवी थप्पी निघतेच.

सोहोनी कुटुंबाकडे पाहिले म्हणजे मात्र एक गोष्ट मनात येते. वस्तू देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव आणि दौऱ्याचे साल या तिन्ही गोष्टी तेथे निश्चित होत्या, आणि टोपी एकाच घरात राहिली होती. भाव ठरविण्याच्या कामी याहून भक्कम आधार मिळणे कठीण.

साक्ष कशी पारखावी

अमेरिकेत क्रिकेटऐवजी बेसबॉलचे वेड आहे, आणि खेळाच्या जुन्या वस्तूंचा बाजार तेथे फार मोठा आहे. बेब रूथ हा त्यांचा सर्वांत गाजलेला खेळाडू. १९२३ साली न्यूयॉर्कच्या नव्या मैदानावरील पहिला 'होम रन', म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, त्याने ज्या बॅटीने मारला ती २००४ साली १२ लाख ६५ हजार डॉलरला गेली. परंतु साक्षीचे मोल समजून घ्यावयाचे तर त्याच्या सदऱ्याचे उदाहरण घ्यावे. रूथचा १९३२ सालचा एक सदरा २००५ साली ९ लाख ४० हजार डॉलरला विकला गेला होता. पुढे तज्ज्ञांनी त्या सदऱ्याची शिवण आणि अक्षरांची ठेवण जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिली, आणि अजिंक्यपदाच्या ज्या प्रसिद्ध सामन्याची कथा तेथे घरोघर सांगतात त्याच सामन्यात तो अंगात होता असा निर्वाळा दिला. २०२४ साली त्याच सदऱ्यास २ कोटी ४१ लाख डॉलर आले. मधल्या वर्षांत एकंदर बाजार चढला होता हे खरे. तथापि एवढ्या चढास साक्षीचे बळ कारण झाले, हेही तितकेच खरे.

जेथे साक्षीस एवढा भाव तेथे खोटी साक्ष निर्माण होणारच. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एफ.बी.आय. या तपाससंस्थेस 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम काढावी लागली. खेळाडूंच्या खोट्या स्वाक्षऱ्या चेंडूंवर व बॅटींवर करून विकणाऱ्या टोळ्या तीत पकडल्या गेल्या. स्वाक्षरीबरोबर दिले जाणारे खरेपणाचे प्रमाणपत्रदेखील त्याच लोकांनी छापलेले होते, हा त्यातील शिकण्याजोगा भाग. ज्याने माल दिला त्यानेच दिलेले प्रमाणपत्र म्हणजे आपल्याच वजनाने आपलाच काटा तपासणे होय.

आम्ही पोत्यावरचा शिक्का पाहून भाव करीत नाही. पोत्याच्या पोटातून नमुना काढतो, दाणा दाताखाली धरतो, ओल पाहतो, आणि माल कोणत्या गावचा, कोणाच्या खळ्यावरचा ते विचारतो. स्वाक्षरीच्या बॅटीसही हेच प्रश्न विचारावेत. ही बॅट खेळाडूने खेळात वापरलेली आहे, की नव्या बॅटीवर नुसती सही घेतलेली आहे? वापरलेली असेल तर चेंडूच्या खुणा, मुठीची झीज आणि दुरुस्तीच्या पट्ट्या त्या सामन्याच्या छायाचित्रांशी जुळतात काय? खेळाडूच्या हातून ती प्रथम कोणाकडे गेली, आणि तेथून आपल्यापर्यंत कशी आली? प्रत्येक हस्तांतराचा कागद आहे काय? सही लेखणीची आहे की छापील? यांपैकी एकाही प्रश्नास उत्तर नसेल तर ती बॅट दिवाणखान्याची शोभा म्हणून खुशाल घ्यावी, परंतु लाकडाच्या भावाने घ्यावी.

आणखी एक हिशेब सांगण्यासारखा आहे. बॅट व्याज देत नाही, भाडे देत नाही आणि पेरल्यास उगवतही नाही. हरभऱ्याचे पोते अडचणीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत रोकड होऊ शकते. बॅटीस मात्र तिच्यासाठीच आलेला गिऱ्हाईक लागतो, आणि तो वर्षानुवर्षे न येणेही शक्य आहे. म्हणून मुलीच्या लग्नासाठी किंवा म्हातारपणासाठी ठेवावयाचा पैसा या मार्गास लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जे विकून भागत नाही

आता भावाची दुसरी बाजू पाहू. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले; गावकऱ्यांनी व लहानमोठ्या दुकानदारांनी जमेल तशी भर घातली. पदक घेऊन परत आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे कुस्त्यांच्या कमाईतून खाशाबांनी प्राचार्यांचे घर सोडवून दिले. १९८४ साली ते अपघातात निवर्तले.

त्या पदकाचे धातू म्हणून मोल विचाराल तर तांब्याच्या एका लहान भांड्याइतकेही भरणार नाही. आणि असे असूनही २०१७ साली त्यांच्या चिरंजिवांनी ते लिलावास काढण्याचा मनोदय जाहीर केला. कारण पैशाच्या हव्यासाचे नव्हते. गोळेश्वर येथे खाशाबांच्या नावे कुस्तीचे केंद्र उभारण्याचे सरकारी आश्वासन वर्षानुवर्षे कागदावरच राहिले होते. पदक विकून तरी आखाडा उभा करावा, असे त्या कुटुंबास वाटले. ज्या पदकासाठी एका शिक्षकाने घर गहाण टाकले ते पदक आखाड्यासाठी विकण्याची वेळ घरच्यांवर यावी, ही गोष्ट ज्या ज्या समाजाकडे चार पैसे आहेत त्या प्रत्येक समाजाने विचार करण्याजोगी आहे. दुकानदारांच्या वर्गणीने जे मिळाले त्यावर दुकानदारांचाही थोडा हक्क आहे, आणि हक्काबरोबर कर्तव्यही येते.

वस्तू सार्वजनिक ठिकाणी देणे हा याहून चांगला मार्ग होय. परंतु तेथेही वहीखाते चोख हवे. हॉकीत १९४८, १९५२ व १९५६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणाऱ्या संघांतील थोर खेळाडू बलबीरसिंग यांनी १९८५ साली आपली ३६ पदके, मेलबर्न ऑलिंपिकमधील कर्णधारपदाचा कोट आणि शंभरावर दुर्मिळ छायाचित्रे भावी क्रीडासंग्रहालयासाठी भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे दिली. पुढे त्या वस्तूंचा पत्ताच लागला नाही. २०२० साली ते वारले, तोवर त्यांस त्या परत मिळाल्या नव्हत्या. दोन पोती माल वखारीत ठेवतानाही आपण पावती घेतो. मग पदकांची पावती का घेऊ नये?

धर्मदृष्टी

आपल्या वाचकांस लिलाव ही नवी गोष्ट नाही. पर्युषणात किंवा पंचकल्याणकात आपण जो सवाल बोलतो, त्यात बोली जिंकणारा घरी काय घेऊन जातो? आरतीचा किंवा अभिषेकाचा पहिला मान, आणि समाजासमोर दिलेला शब्द. पैसा देवकार्यास लागतो. धोनींच्या बॅटीचा, वॉर्न यांच्या टोपीचा किंवा अझर अली यांच्या बॅटीचा लिलाव आम्हांस याच जातीचा वाटतो. तेथे वस्तू हे निमित्त होते. पैसा कोठे गेला यावरून त्या व्यवहाराची प्रत ठरली.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे अतिचार सांगितले आहेत. चोरून आणलेला माल घेणे, खोट्या वजनमापांनी देणे-घेणे करणे आणि अस्सल मालात त्यासारखा दिसणारा नकली माल खपविणे, हे त्यांत येतात. कोणाच्या घरातून नाहीशी झालेली पदके बाजारात आली तर ती विचारपूस न करता घेणारा पहिल्या अतिचारात सापडतो. खोटी सही माहीत असून पुढच्याच्या गळ्यात मारणारा शेवटच्यात. इतक्या शतकांपूर्वी घालून दिलेली ही कसोटी आजच्या बाजारासही पुरी पडते.

राहिला अपरिग्रह. आचार्यांनी परिग्रहाचे मूळ वस्तूत न मानता आसक्तीत मानले आहे. श्रावकास संग्रह वर्ज्य नाही, त्यास मर्यादा घालावयाची आहे. शंभर बॅटी कुलुपात ठेवून रात्री त्यांची किंमत मोजीत बसणे हा परिग्रह. दहा बॅटी दहा शाळांतील मुलांनी पाहाव्यात म्हणून सांभाळणे हा एक प्रकारचा विश्वस्तपणा. चेंडू व हातमोजे चामड्याचे असल्यामुळे ज्यांस ते घरात ठेवणे रुचत नाही, त्यांस बॅट, टोपी, छायाचित्र, धावपत्रिका व पत्रे यांचा मार्ग मोकळा आहेच.

आपण काय करावे

आपल्या भागासही खेळाची परंपरा आहे. गदगचे सुनील जोशी यांनी १९९९ साली नैरोबीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दहा षटकांत अवघ्या सहा धावा देऊन पाच बळी घेतले, ही गोष्ट येथील मुले अजून सांगतात. हुबळीच्या राजनगर मैदानावर आज राज्या-राज्यांचे सामने होतात. अशा दिवसांची तिकिटे, धावपत्रिका व छायाचित्रे पुष्कळ घरांत पडून असतील. ती आज फुकट मिळतात म्हणूनच टाकली जातात, आणि टाकली जातात म्हणूनच पन्नास वर्षांनी मिळेनाशी होतात.

म्हणून सभासद बंधुभगिनींस आमच्या चार सूचना आहेत. पहिली : घरात जुने पदक, चषक, बॅट किंवा गदा असल्यास ती कोणाची, कोणत्या साली व कोणत्या प्रसंगी मिळाली, हे घरातील वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर कागदावर लिहून काढावे, त्यांची सही घ्यावी आणि वस्तूचे छायाचित्र जोडावे. दुसरी : वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नये. जुन्या बॅटीस व्हार्निश लावल्यास सही आणि खुणा दोन्ही जातात. उन्हाने शाई उडते, ओलीने लाकूड फुगते व कीड लागते. धान्य राखणाऱ्यांस याहून अधिक सांगणे नको. तिसरी : विकावयाचे झाल्यास दलाली आधी लेखी ठरवावी आणि कराविषयी आपल्या हिशेबनिसास विचारावे. वस्तू शंभर वर्षांहून जुनी व ऐतिहासिक महत्त्वाची असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये ती खाजगीरीत्या परदेशी पाठविता येत नाही, हेही स्मरावे. चौथी : कोणत्याही संस्थेस वस्तू देताना यादी करून पावती घ्यावी, आणि यादीची एक प्रत घरात ठेवावी.

आपल्या संघाने याच कामी एक वही घालावी, अशी विनंती आहे. सभासदांच्या घरांतील अशा वस्तूंची नोंद तीत व्हावी. वस्तू ज्याच्या त्याच्या घरीच राहोत. वर्षातून एकदा वार्षिक संमेलनात त्या टेबलावर मांडाव्यात आणि मुलांस दाखवाव्यात. खर्च दोन सतरंज्यांचा आणि एका वहीचा. लिलावात त्यांस भाव येवो न येवो, आपल्या आजोबांनी कधी काळी मैदानावर घाम गाळला होता, हे नातवास नावानिशी व सालानिशी कळेल. पुढे कोणी पारखी ती वस्तू हातात घेऊन 'ही खरी कशावरून?' असे विचारील, तेव्हा त्या नातवापाशी दाखविण्यास वहीचे पान असेल.

सर्व सभासदांस व त्यांच्या कुटुंबीयांस नूतन वर्ष सुखसमृद्धीचे जावो, ही जिनेश्वरचरणी प्रार्थना. जय जिनेंद्र.